बेघर माणसाला खोली मिळवून देणे आणि ती टिकवणे : सोलापुरात हे काम करणाऱ्यांसाठी

सोलापुरात रात्री अकरानंतर रेल्वे स्टेशनसमोर, एस.टी. स्टँडवर, सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारात, सिद्धेश्वर मंदिराच्या आसपास किंवा रूपाभवानीच्या बाजूला झोपलेली माणसे एका प्रकारची नसतात. कोणी लग्नसराईत केटरिंगच्या कामाला आलेला असतो, तो सीझन संपला की गावी जातो. कोणी सिव्हिलमध्ये भरती असलेल्या पेशंटचा नातेवाईक असतो. कोणी घरात भांडून आलेला असतो आणि चार दिवसांत परततो. या सगळ्यांना मदत लागते, पण ती थोडक्यात भागते. हा लेख उरलेल्यांसाठी आहे : वर्षानुवर्षे रस्त्यावर असलेले, सोबत जुना आजार, अपंगत्व, मनाचा आजार किंवा दारू असलेले, निवाऱ्यात दोनदा जाऊन दोनदा बाहेर पडलेले. अमेरिकेत अशा बेघरपणाची सरकारी व्याख्याच आहे. सलग १२ महिने रस्त्यावर, किंवा ३ वर्षांत किमान ४ वेळा मिळून १२ महिने, आणि सोबत अपंगत्व, दीर्घ आजार किंवा व्यसन. आपल्याकडे अशी वर्गवारी कागदावर नाही, तरी आपली यादी करताना हाच निकष लावावा. नाहीतर मेहनत आणि पैसा ज्यांचे आपोआप मार्गी लागणार होते त्यांच्यावर खर्च होतो.

खोली शोधणे हे या कामातले सोपे अंग आहे. खोली सुटते ती नंतर, आणि सुटण्याची कारणे बहुतेक ठरलेली असतात : निराधारचा पगार (सरकारी निराधार योजनेची महिन्याची रक्कम) अडकला, नळाला पाणी येण्याच्या दिवशी भांडण झाले, जुने सोबती खोलीत येऊन राहिले, मालकाला काहीतरी कळले आणि तो घाबरला. "याला घरात राहायची सवयच नाही" हे कारण आपण सांगतो, कारण ते आपल्या अंगावर येत नाही.

आधी दारू सोड, मग खोली?

ही अट घालू नका. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञाने उलटा क्रम लावून पाहिला : मनोरुग्ण बेघरांना आधी स्वतःचे घर, उपचार आणि व्यसनमुक्ती त्यांच्या इच्छेने, पण मदतीला माणूस कायम हजर. 'हाउसिंग फर्स्ट' म्हणतात ते हेच. कॅनडाने २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांत दोन हजारांहून अधिक लोकांवर याची रीतसर तुलना केली. नेहमीच्या पद्धतीपेक्षा या पद्धतीत लोक कितीतरी जास्त काळ घरात टिकले. फिनलंडने २००८ पासून हेच राष्ट्रीय धोरण केले आणि जुने वसतिगृहवजा निवारे मोडून त्यांच्या जागी भाड्याची घरे केली.

आपल्याकडे सरकारी भाडे-मदत नाही, त्यामुळे ही पद्धत जशीच्या तशी बसत नाही. मात्र तिच्या दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. खोलीला भाडे आणि शेजारधर्म एवढ्याच अटी, ज्या कोणत्याही भाडेकरूला असतात. आणि खोली सुटली तरी आपला संबंध सुटत नाही, दुसरी शोधायची.

निवारा केंद्राचा उपयोग कशासाठी

राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या २०१३ च्या निकषानुसार शहरात दर १ लाख लोकसंख्येमागे १०० जणांचा एक कायमस्वरूपी, चोवीस तास उघडा निवारा हवा. माणशी साधारण ५० चौरस फूट जागा, पाणी, संडास, स्वयंपाकाची सोय. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या ९,५१,५५८ होती. म्हणजे निकषाने नऊ-दहा निवारे. महापालिकेच्या संबंधित विभागात जाऊन सध्या किती चालू आहेत, किती खाटा रिकाम्या आहेत, बायकांची वेगळी सोय कुठे आहे, हे दर महिन्याला विचारून लिहून ठेवा. विचारणारे कोणीतरी आहे एवढ्यानेही फरक पडतो.

निवाऱ्याचा आपल्यासाठी खरा उपयोग कागदपत्रांचा आहे. माणसाला तिथे दोन-तीन महिने ठेवता आले तर आधार, बँक आणि पेन्शनचा अर्ज एकाच पत्त्यावर होतो. पण निवारा आवडत नाही म्हणून जो स्टेशनवरच राहतो, त्याला यादीतून काढू नका. निवाऱ्यात न टिकलेली माणसे स्वतःच्या कुलपाच्या खोलीत टिकतात. तिथे चाळीस जणांची घोरणी नसते आणि पिशवी उशाखाली घेऊन झोपावे लागत नाही.

पहिली ओळख

दोघे जा, रात्री दहा ते बारा किंवा पहाटे पाचच्या आसपास. फोटो काढू नका. ब्लँकेट वाटपाच्या गाडीबरोबर तर जाऊच नका, कारण मग ओळख देणगीदाराची होते. पहिल्या तीन-चार भेटींत नाव आणि तब्येत एवढेच. "अण्णा, पायाला काय झालंय, बघू का?" हे "तुम्ही कुठले, घरी कोण आहे?" यापेक्षा चांगले. घरच्यांचा प्रश्न पोलीसही विचारतात. महाराष्ट्रात १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा अजून लागू आहे आणि उचलून नेले जाण्याची भीती खरी आहे. त्यामुळे वही-पेन पाहिले की माणूस जागा बदलतो.

सोलापुरात भाषा महत्त्वाची. तेलुगू आणि कन्नड बोलणारा एकेक माणूस गटात हवाच. कलबुर्गी, विजयपूर, तेलंगणाकडून आलेली माणसे मराठीत "हो" म्हणतात, पण कशाला हो म्हटले ते त्यांना समजलेले नसते.

आणखी एक स्थानिक गोष्ट. पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर, गाणगापूर या तीर्थांमुळे इथली काही माणसे फिरती आहेत. आषाढीला पंढरपूर, एरवी अक्कलकोटच्या अन्नछत्रात, मग पुन्हा सोलापूर. माणूस तीन आठवडे दिसला नाही म्हणजे हरवला असे नाही. कुठल्या महिन्यात कुठे असतो, हे विचारून ठेवा. हे पुढे खोलीमालकालाही सांगावे लागणार आहे.

बाईमाणूस एकटी असेल तर ती रात्री झोपलेली दिसणारच नाही. ती जागी राहते आणि दिवसा झोपते. तिच्याशी बाईनेच बोलायचे. त्या रात्रीचाच धोका असेल तर १८१ ही महिला हेल्पलाइन आणि सखी वन स्टॉप सेंटर हे संकटातल्या बायकांसाठीचे सरकारी केंद्र. साठी ओलांडलेल्यांसाठी १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे.

कागद : क्रम चुकला की सहा महिने जातात

१. आधार. सुरुवात "आधार काढू" अशी करू नका, "आधी काढलं होतं का" अशी करा. एकदा काढलेल्या माणसाची नवी नोंदणी बोटांचे ठसे जुळून नाकारली जाते आणि दोन-दोन महिने वाया जातात. जुने असेल तर आधार सेवा केंद्रात ठसे-बुबुळांवरून नंबर शोधता येतो. माहितीसाठी आधारची हेल्पलाइन १९४७. विडी, यंत्रमाग, गवंडीकाम, भंगार यांत आयुष्य गेलेल्यांचे ठसे झिजलेले असतात. तिथे बुबुळाच्या स्कॅनचा आग्रह धरा. खरेच कधी काढले नसेल तर नोंदणी मोफत आहे. ओळख-पत्त्यासाठी आधार प्राधिकरणाच्या ठरलेल्या नमुन्यातला दाखला चालतो. तो राजपत्रित अधिकारी, आमदार, खासदार किंवा नगरसेवक देऊ शकतात, मान्यताप्राप्त निवाऱ्याचे प्रमुखही देऊ शकतात. दाखला तारखेपासून ३ महिनेच चालतो, फोटोवर सही-शिक्का आडवा येतो, आणि खाडाखोड असली की परत पाठवतात. लेटरहेडवर मजकूर लिहून घेतलेला दाखला कितीही मोठ्या माणसाचा असला तरी चालत नाही, नमुनाच लागतो.

२. मोबाईल. साधा बटणांचा फोन, सिम माणसाच्याच नावावर. कार्यकर्त्याचा नंबर पाच जणांच्या आधारला जोडण्याची सोय दिसते तेवढी सोयीची नाही. तुम्ही काम सोडले की पाचही जणांचे ओटीपी अडकतात.

३. बँक. कागद पूर्ण असतील तर जनधन. नसतील तर 'लहान खाते' स्वतःच्या सहीवर किंवा अंगठ्यावर उघडते. त्यात ५०,००० पेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही, महिन्याला १०,००० पेक्षा जास्त काढता येत नाहीत, आणि १२ महिन्यांत ओळखपत्रासाठी अर्ज केल्याचे दाखवावे लागते. खाते आधारशी नुसते जोडून भागत नाही, सरकारी पैसे त्याच खात्यात यावेत म्हणून डीबीटीसाठीही चालू करून घ्यावे लागते. बँकेत हे शब्द वापरूनच विचारा.

४. मतदार यादी. घर नसलेल्यालाही नाव नोंदवता येते. नमुना ६ वर तो झोपतो ती जागा लिहायची. मतदान केंद्राचा अधिकारी रात्री येऊन एकापेक्षा जास्त वेळा खात्री करतो. पत्त्याचा कागद लागत नाही. हे काम कोणी लवकर करत नाही, पण करून घ्यावे. नगरसेवकाच्या दारात यादीतल्या माणसाला वेगळी खुर्ची मिळते.

५. निराधार किंवा श्रावणबाळ. ६५ च्या आत असेल आणि अपंग, विधवा, परित्यक्ता किंवा गंभीर आजारी असेल तर संजय गांधी निराधार अनुदान योजना, ६५ च्या पुढे श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन. अनुदान महिना १,५०० रुपये (अपंगांना ऑक्टोबर २०२५ पासून २,५००). उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० (अपंगांना ५०,०००). अर्ज सेतू किंवा तहसील कार्यालयात. दोन ठिकाणी अर्ज अडतो : वयाचा पुरावा आणि महाराष्ट्रात १५ वर्षे राहिल्याचा पुरावा. शाळेचा दाखला नसेल तर वयासाठी सिव्हिलचा वैद्यकीय दाखला. रहिवासासाठी जुने विडी कार्ड, कारखान्याचा हजेरी पास, जुन्या मतदार यादीतले नाव, सिव्हिलचे दहा वर्षांपूर्वीचे केसपेपर, जे सापडेल ते जोडा. मिल बंद पडल्यानंतर रस्त्यावर आलेल्या काही वृद्धांकडे जुना कागद असतो, पण तो 'काही कामाचा नाही' म्हणून दाखवतच नाहीत. पिशवीत काय आहे ते त्यांच्या परवानगीने एकदा सगळे पाहून घ्या.

६. अपंगत्वाचे यूडीआयडी कार्ड. ४० टक्क्यांच्या पुढे लाभ सुरू होतात. मनाच्या आजारालाही हे मिळते, हे अनेकांना माहीत नसते.

रेशनकार्डासाठी या टप्प्यावर डोके फोडू नका. ते खोलीच्या पत्त्यावर सोपे जाते. मूळ कागद संस्थेच्या कपाटात अडकवून ठेवू नका. रंगीत प्रत लॅमिनेट करून माणसाला द्या, मूळ कुठे ठेवायचे ते त्याने ठरवावे.

पैशाचे गणित खोली बघण्याआधी

नमुन्यादाखल : भाडे २,०००, वीज २००, गॅस-किराणा-औषध १,५००. म्हणजे महिना ३,७००. पेन्शन १,५००. फरक २,२००. हा फरक कुठून येणार, हे १२ महिन्यांसाठी लिहून दाखवता आले तरच किल्ली द्या. तीन महिन्यांच्या देणगीवर खोली घेऊन चौथ्या महिन्यात माणसाला पुन्हा फूटपाथवर सोडण्यापेक्षा थांबलेले बरे.

फरक कमी करायचे दोन रस्ते आहेत. एक, दोघांनी मिळून खोली घेणे. दोन पेन्शनी म्हणजे ३,०००, आणि रेशनचे धान्य. पण जोडी त्यांनी जुळवायची, आपण नाही. स्टँडवर वर्षानुवर्षे शेजारी झोपणाऱ्या दोन म्हाताऱ्या एका खोलीत छान राहतात. आपण जमवलेले दोन अनोळखी बाप्ये पंधरा दिवसांत एकमेकांच्या उरावर बसतात. दुसरा रस्ता म्हणजे झेपेल एवढे काम : टॉवेलच्या कारखान्यात घडी-पॅकिंग, मंगल कार्यालयात साफसफाई, राखणदारी. पूर्ण दिवसाच्या कामाचा आग्रह धरला की काम आणि खोली दोन्ही जातात.

याशिवाय सुरुवातीचा खर्च एकदम लागतो : डिपॉझिट (तीन महिन्यांचे धरा, ६,०००), पहिले भाडे, करारनाम्याची नोंदणी आणि घरसामान. माणशी १२ ते १५ हजारांची तयारी ठेवा. शिवाय दर दहा खोल्यांमागे दोन महिन्यांच्या भाड्याची गंगाजळी वेगळी काढा, मोडतोड आणि थकबाकीसाठी.

सोलापूरजवळच्या कुंभारीच्या घरांबद्दल हमखास विचारणा होते. २००६ मध्ये विडी कामगारांची १०,००० घरे तिथे उभी राहिली. पुढे रे नगर प्रकल्पातल्या ३०,००० घरांपैकी १५,००० घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दिल्या गेल्या. कामगारांनी स्वतः संघटित होऊन मिळवलेली ही घरे आहेत आणि देशात त्याला तोड नाही. पण ती सभासद कामगारांची आहेत, त्यांनी स्वतःचा हिस्सा भरलेला आहे. रस्त्यावरच्या माणसाला तिथे अर्ज करून उद्या घर मिळेल, अशी आशा लावू नका. पंतप्रधान आवास योजनेचा शहरी दुसरा टप्पा सप्टेंबर २०२४ पासून सुरू आहे आणि त्यात भाड्याच्या घरांचाही घटक आहे. पात्र असेल त्याचा अर्ज जरूर भरा, मात्र आजची सोय भाड्याच्या खोलीनेच होणार.

खोली बघताना

खोली माणसाला दाखवा, त्याने नको म्हटले तर दुसरी दाखवा. किमान दोन दाखवा. निवड नसलेली खोली ही त्याच्या लेखी आणखी एक निवाराच.

दुपारी तीनला जा. एप्रिलमध्ये पत्र्याखाली दुपारी तीनला दहा मिनिटे बसून बघा, म्हणजे मे महिन्यात ती खोली का सोडली जाईल ते कळेल. सोलापूरचा पारा ४२-४३ च्या पुढे जातो आणि वयस्क किंवा मनोविकाराच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला उष्माघात लवकर होतो, कारण यातल्या काही गोळ्यांनी घाम कमी येतो. स्लॅबची खोली थोडी महाग पडली तरी घ्यावी. पत्राच असेल तर वर पाचट किंवा पांढरा रंग आणि खाली पंखा, हे करारात लिहून घ्या.

मग पाणी. इथे नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येते, आणि ते कधी पहाटे तर कधी रात्री. शहरातल्या कोणत्याही घरात बॅरल, टाकी, घागरी भरून ठेवलेल्या असतात. रस्त्यावरून आलेल्या माणसाकडे एकही भांडे नसते. पहिल्या पाणीवारी तो झोपून राहतो किंवा बाहेर असतो, मग पाच दिवस शेजाऱ्यांकडे मागतो, आणि तिसऱ्या खेपेला भांडण होते. किल्ली द्यायच्या दिवशीच झाकणाचे २०० लिटरचे बॅरल, दोन घागरी आणि नळाला लागणारा पाइप खोलीत असला पाहिजे. पाण्याचा वार कोणता, सामायिक नळावर नंबर कसा लागतो, पहिला कोणाचा, हे शेजारणीकडून समजून घ्या. वयस्क माणसाला बॅरल भरायला जमत नसेल तर शेजारच्या पोराला महिना शंभर रुपये ठरवून द्या. या शंभर रुपयांनी जेवढ्या खोल्या वाचतात तेवढ्या समुपदेशनाने वाचत नाहीत.

बाकी तपासायचे : संडास किती पावलांवर आणि रात्री दिवा आहे का, आतून कडी लागते का, विजेचे वेगळे मीटर किंवा सबमीटर आहे का (नसेल तर मालक लाईटबिलावरून दर महिन्याला वाद घालणार), मालक त्याच वाड्यात राहतो का. मालकीण वाड्यातच असेल तर जाच वाटतो, पण माणूस आजारी पडला तर पहिली हाक तीच ऐकते. दारू-ताडीचे दुकान गल्लीच्या तोंडाशी नको. जुन्या जागेपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर खोली हवी. जिथे चहा उधार मिळतो, जिथे ओळखीचे आहेत, ते तुटले की माणूस आठवड्यात परत तिथेच झोपायला जातो. सिटी बसच्या भरवशावर लांब खोली घेऊ नका.

मालकाशी बोलणी आणि करार

मालकाला अर्धे सांगून खोली घेऊ नका. त्याला चार भीती असतात : भाडे बुडेल, पोलीस येतील, दारू पिऊन दंगा होईल, आणि चौथी जी तो बोलत नाही, म्हातारा खोलीतच गेला तर काय. चौथीचे उत्तर आधी द्या. कोणाला फोन करायचा, डॉक्टर कोण येणार, अंत्यविधी कोण करणार, खोली किती दिवसांत मोकळी करणार, हे एका कागदावर लिहून दिले की बाकीच्या तीन भीती निम्म्या होतात.

करार माणसाच्या नावावर करा. संस्था साक्षीदार किंवा जामीन. संस्थेने खोली घेऊन त्यात माणसे ठेवली तर मालकाच्या लेखी तो पोटभाडेकरू ठरतो आणि माणसाच्या हातात काहीच राहत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. "अकरा महिन्यांचा आहे, नोटरी चालते" हे सर्रास सांगितले जाते, ते चूक. करार नोंदलेला नसेल आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे धरले जाते, हे मालकाला शांतपणे सांगितले की तो तयार होतो. लिव्ह अँड लायसन्सवर (ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी देणाऱ्या करारावर) मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, म्हणजे एवढ्या भाड्याला नगण्य. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,०००. त्यावर एजंटाचे. हा खर्च आपण उचला.

नोंदणीचा दुसरा फायदा मोठा आहे. नोंदणीकृत करारावर आधारचा पत्ता बदलतो, त्यावर रेशनकार्ड निघते, त्यावर आरोग्य योजनेचे कार्ड. नोटरीच्या कागदावर ही साखळी अडू शकते. करार वाचून दाखवा, तेलुगूत किंवा कन्नडमध्ये लागला तर तसा. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यायला मालकाबरोबर स्वतः जा.

भाडे माणसाच्या हातून जावे. आपण मालकाला परस्पर दिले की खोली 'संस्थेची' होते. फरकाची रक्कम आपण माणसाच्या खात्यात टाकायची, भाडे त्याने द्यायचे, आणि वहीत मालकाची सही घ्यायची. शंभर पानांची साधी वही, एका पानावर एक महिना : तारीख, रक्कम, लाईट, सही. या वहीने किती भांडणे मिटतात ते पहिल्याच वर्षी दिसेल. दोन महिने सलग भाडे चुकले तर तेवढ्यापुरते, माणसाच्या संमतीने, थेट मालकाला देणे सुरू करा.

पहिले सहा महिने

किल्लीच्या दिवशी खोलीत असायला हवे : कुलूप आणि तीन किल्ल्या (एक त्याची, एक मालकाची, एक तुमची, त्याच्या संमतीने), सतरंजी-चादर-उशी, बादली-तांब्या, शेगडी, दोन पातेली, तवा, ताट-वाटी, बल्ब, पंखा, झाडू, आठवड्याचा शिधा आणि भरलेले बॅरल. पलंग लगेच नको. बरेच जण जमिनीवरच झोपतात.

भेटी : पहिल्या आठवड्यात रोज, तीन महिन्यांपर्यंत आठवड्यातून दोनदा, सहा महिन्यांपर्यंत एकदा. जाताना दार वाजवा, आत बोलावले तरच आत जा. आणि रविवारी एखादी भेट ठेवा. एकटेपणा रविवारी आणि सणाला जास्त लागतो.

काय काय होते, त्याची कल्पना असावी. किल्ली असूनही माणूस स्टेशनवर झोपतो. चार भिंतींत झोप न येणे सुरुवातीला नेहमीचे आहे. दार उघडे टाकून झोपतो, किंवा दाराशी झोपतो. रागावू नका, दिवसा खोलीत बसायला लागला की रात्रही येते. खोलीत भंगार साठते. एक कोपरा आणि एक पोते ठरवून द्या, 'सगळे टाका' म्हणू नका.

जुने सोबती येऊन राहतात, याने सर्वांत जास्त खोल्या जातात. एकट्या माणसाला नाही म्हणता येत नाही, कारण रस्त्यावर याच लोकांनी त्याला जगवलेले असते. त्याला एक निमित्त द्या : करारात 'रात्री दहानंतर पाहुणा नको' ही ओळ टाका, म्हणजे "मालक काढतील रे बाबा" असे तो सांगू शकतो. आणि त्या सोबत्याचे नाव आपल्या यादीत घ्या.

पेन्शन सुरू झाली की दोन प्रकारची माणसे उगवतात : विसरलेले नातेवाईक आणि व्याजाने पैसे देणारे. एटीएम कार्ड आणि पिन गहाण ठेवून घेणे हा इथला जुना धंदा आहे. पहिल्या पैशाच्या दिवशी बँकेत सोबत जा, निदान तीन महिने. हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो. चुकला की पैसे थांबतात आणि दोन महिन्यांत भाडे थकते. सगळ्यांच्या तारखा एका भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा.

दारूबाबत नियम एकच : खोलीत पिऊन दंगा झाला तर मालकाकडे आपण दुसऱ्याच दिवशी सकाळी जायचे, तो बोलवायच्या आधी. रोज पिणाऱ्याने एकदम सोडली तर दोन-तीन दिवसांत फिट किंवा भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतते. "आजपासून बंद" अशी शपथ घालू नका, सिव्हिलमध्ये दाखवून सोडवा.

वारीला, अक्कलकोटला जायचे असेल तर आधी सांगून, भाडे भरून, कुलूप लावून जाऊ द्या. दवाखान्यात भरती झाला तर तीन महिने खोली धरून ठेवा, फरकाच्या निधीतून. परत येऊन कुलूप बदललेले दिसले तर सगळे काम पहिल्यापासून.

मनाचा आजार असेल तर

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चे दोन भाग पाठ असू द्या. कलम १०० : भटकणाऱ्या मनोरुग्णाला पोलिसांनी ताब्यात घेतले तर २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचे, कोठडीत ठेवायचे नाही. कलम १८ : बेघर किंवा निराधार माणसाला सरकारी उपचार मोफत, दारिद्र्यरेषेचे कार्ड नसले तरी. सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत पहिल्यांदा सोबत जा आणि केसपेपरची प्रत ठेवा. रोजच्या गोळ्या चुकत असतील तर महिन्यातून एकदा घेण्याच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा. रात्री-अपरात्री सल्ल्यासाठी टेली-मानस १४४१६.

एकट्याने राहणे जमणार नसेल तर मनोरुग्णालय हाच पर्याय नाही. चेन्नईची 'द बन्यन' ही संस्था चार-पाच जणींना साध्या वस्तीतल्या भाड्याच्या घरात एकत्र ठेवते आणि मदतनीस देते. सोलापुरात जुन्या पेठेतला दोन-तीन खोल्यांचा वाडा याला सोयीचा आहे.

घरी परत पाठवण्याची घाई नको. कर्जतच्या श्रद्धा फाउंडेशनने हे काम मोठ्या प्रमाणावर केले आहे, डॉ. भरत वाटवानी यांना त्यासाठी २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण त्यात आधी उपचार, मग घर, सोबत कार्यकर्ता आणि पुढची औषधे असा क्रम असतो. माणसाला एकट्याला विचारा, जायचे आहे का. म्हाताऱ्याने घर मुलाच्या नावावर केले आणि मग मुलाने बाहेर काढले, असे असेल तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करा. सांभाळण्याच्या अटीवर दिलेले घर परत मिळू शकते.

खोली सुटलीच तर, आणि करार संपताना

मालक काढायला निघाला की पोलीस-वकील करण्याआधी त्याच्याकडून पंधरा दिवस मागा आणि दुसरी खोली बघा. वीज-पाणी तोडून कोणालाही काढता येत नाही, कायद्याने तो गुन्हा आहे. एवढे सांगितले की पंधरा दिवस मिळतात. भांडून राहिलेल्या खोलीत माणूस सुखाने राहत नाही. दुसऱ्या खोलीआधी पहिली का सुटली ते माणसाकडून आणि मालकाकडून वेगवेगळे ऐका. उत्तर बहुधा दोघांच्या मध्ये असते, आणि बऱ्याचदा ते पाण्याच्या नळापाशी सापडते.

अकरा महिन्यांच्या कराराचे नूतनीकरण नवव्या महिन्यातच बोला. मालक पाच-दहा टक्के वाढ मागतात. १००-२०० रुपयांसाठी खोली बदलू नका, कारण बदलाचा खर्च आणि नव्या गल्लीत जम बसायला लागणारे महिने त्याहून महाग पडतात. नवा करार पुन्हा नोंदवा. त्याच दिवशी भेटींचे वेळापत्रक ठरवा : वहीत बारा सह्या असतील, हयातीचा दाखला वेळेवर गेला असेल आणि पाण्याच्या वारी माणूस स्वतः नळावर असेल तर भेट महिन्यातून एकदा करा. तिन्हींपैकी एकही गोष्ट कमी असेल तर आठवड्याची भेट चालू ठेवा, आणखी सहा महिने.